पप्पांचा प्लेअर

सकाळी पप्पांच्या फोनवर झळकलं: हे म्युझिक अ‍ॅप आता बंद होतंय. पप्पा हादरलेच. मेमरी कार्डात ४०० भजनं, तीही जाणार की काय! गाणी फाइलमध्ये असतात, प्लेअर फक्त वाजवतो, हे सातपूरहून पंचवटीपर्यंत गाडीवर ओरडून समजावलं. पटलं नाही.

मला मात्र विनॅम्प आठवला, कॉम्प्युटरवर गाणी वाजवणारा १९९७ चा प्लेअर. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत त्याच्या स्किन (म्हणजे दिसण्याचं रूप) बदलण्यातच तासाचे पैसे जायचे. २०१३ मध्ये तो बंद होणार म्हटल्यावर अख्खा ग्रुप हळहळला. वापरत मात्र कोणीच नव्हतं! (२०१४ च्या जानेवारीत दुसऱ्या कंपनीने घेतला, म्हणून वाचला.)

संध्याकाळी पप्पांना व्हीएलसी हा दुसरा प्लेअर टाकून दिला. त्याच्या चिन्हातला नारिंगी शंकू बघून म्हणाले, "इथेपण रस्ता खोदलाय का?"