श्वास घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं

बुधवार, रात्री

घाबरलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, मोठा श्वास घे, अजून मोठा घे. हे सांगणं बंद व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण त्या वेळी माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो, सोडायचाच राहिलेला असतो.

आज विद्यापीठ चौकात बस अडकली, पाऊस, खिडक्या बंद, आत नुसती गर्दी, आणि उद्याच्या मीटिंगचं काहीतरी डोक्यात आलं आणि झालं सुरू. आधी पोटात गोळा, मग धडधड, मग बोटांना मुंग्या, ओठांभोवती पण. या मुंग्यांनी पूर्वी मी फार घाबरायचे, वाटायचं हार्टचंच काहीतरी आहे (ईसीजी वगैरे सगळं करून झालंय, नॉर्मल आहे). डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं होतं, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, गरगरतं, आणि हवा भरपूर मिळत असूनही ती पुरत नाही असं वाटत राहतं. म्हणून माणूस अजून जोरात ओढतो आणि अजून वाढतं. हे एकदा कळलं ना की अर्धी भीती तिथेच जाते.

तर बॅग मांडीवर घेतली, नाकाने श्वास घेतला, त्याच्यावरच अजून एक छोटासा घेतला, आणि मग ओठांचा चंबू करून अगदी सावकाश सोडला, पोट आत जाईपर्यंत. शेजारच्या काकू बघत होत्या, बघू देत. परत तसंच. परत. ते चार-सात-आठवालं (चार मोजेपर्यंत घ्यायचा, सात रोखायचा, आठ सोडायचा) मला जमत नाही, श्वास रोखला की उलट घुसमटतं, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. माझ्यासाठी सोडणं घेण्यापेक्षा लांब, एवढं पुरतं. श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात, घेताना जरा वाढतात, मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हचं काम आहे ते, मनगटावर बोटं ठेवून शांतपणे बसलं तर स्वतःलाच कळतं. मी आज तेच धरून बसले होते. बस जागची हलली नव्हती पण बोटांतल्या मुंग्या गेल्या होत्या.

स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २०२३ मध्ये एक अभ्यास आला होता, महिनाभर रोज ५ मिनिटं असे उसासे टाकणाऱ्यांचा मूड ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. मला याचं फार आश्चर्य नाही वाटलं, आपल्याकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढली तीच मुळी योगाला प्रयोगशाळेत तपासून बघायला. आणि आई रोज सकाळी भ्रामरी करते, तो गुणगुणण्याचा आवाज म्हणजे शेवटी काय, लांबवलेला उच्छ्वासच की.

ज्याला सारखंच असं होतंय त्याने मात्र नुसत्या श्वासावर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावं. टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

भाचीच्या ओरल्स आहेत पुढच्या आठवड्यात, आत्ताच फोनवर रडवेली झाली होती. रविवारी तिला घरी बोलावलंय, जेवायच्या आधी बसून शिकवते, दारात एक्झामिनर असताना पहिल्यांदा करायला गेलं तर काही आठवत नाही.