बिबट्याचं कातडं वारशानं आलं, तर 90 दिवसांत काय करायचं

जुन्या घराच्या दिवाणखान्यात भिंतीवर लावलेलं बिबट्याचं कातडं ही आता शोभेची वस्तू नाही, कायद्याच्या भाषेत ती 'ट्रॉफी' आहे, म्हणजे जतन करून ठेवलेला वन्यप्राण्याचा भाग. मालकीचा दाखला ज्याच्या नावे होता ती व्यक्ती गेली की तो दाखला आपोआप वारसाचा होत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 40 (2ब) नुसार वारसानं 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यायचं असतं. माझ्याकडे असं कातडं वारशानं आलं तेव्हा मी दिवस मृत्यूच्या तारखेपासून मोजले. वारस दाखला कोर्टातून यायची वाट बघत बसलात तर मुदत तिथेच संपेल. आधी घोषणापत्र द्या, दाखला मागाहून जोडता येतो.

अर्ज, मृत्यूचा दाखला, जुन्या मालकी दाखल्याची प्रत, इतर वारसांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, चारही बाजूंचे फोटो. हे सगळं दोन दिवसांत झालं. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढे अडलं तेव्हा मुदतीत अर्ज दिल्याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता.

अडलं ते नावावर. माझ्याकडच्या 1970च्या दशकातल्या इंग्रजी दाखल्यावर 'पँथर', त्याला जोडलेल्या मराठी यादीत 'बिबट वाघाचे कातडे', आणि मी अर्जात लिहिलेलं 'लेपर्ड'. एक कातडं, तीन नावं. वन परिक्षेत्र कार्यालयातल्या कारकुनाचं म्हणणं असं की दाखल्यावर वाघ आहे आणि दाखवताय बिबट्या, म्हणजे वस्तू जुळत नाही, प्रकरण परत. आपल्याकडे गावोगाव बिबट्याला वाघच म्हणतात, पट्टेवाल्याला मुद्दाम 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' म्हणावं लागतं, हे वन खात्यात बसून समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. तोंडी समजावण्यात तीन आठवडे गेले. नव्वदातले नव्हेत, पण गेलेच. तोंडी बोलणं फाइलवर चढत नाही हा धडा मी उशिरा शिकलो.

शेवटी चाललं ते असं: 2022 च्या दुरुस्तीआधीच्या अनुसूची एकमध्ये (कायद्याला जोडलेली, सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) 'लेपर्ड ऑर पँथर' अशी एकच नोंद होती, पुढे शास्त्रीय नाव पँथेरा पार्डस. त्या पानाची प्रत काढली, ओळ अधोरेखित केली, एका पानाचं पत्र लिहिलं आणि तेही आवक-जावकमध्ये दिलं. अर्जातही प्राण्याचं नाव बदलून 'बिबट्या (दाखल्यात पँथर, यादीत बिबट वाघ), पँथेरा पार्डस' असं पूर्ण लिहून दिलं. तुम्ही पहिल्याच अर्जात असं लिहा. जुन्या कागदावरचा शब्द जसाच्या तसा आणि शेजारी शास्त्रीय नाव.

तेवढ्यात दुसरी खोट निघाली, मापाची. जुन्या यादीतलं माप फूट-इंचात, आणि पंचनाम्याला आलेल्या वनपालांनी टेप लावला तो कातड्याखालच्या लाल फेल्टच्या कडेपासून. अस्तराची कड प्रत्येक बाजूला दीड-दोन इंच बाहेर असते, म्हणजे लांबी तीन-चार इंच जास्त. पन्नास वर्षांत कातडं आकसतं, वाढत नाही. त्यामुळे वाढलेलं माप म्हणजे कातडं बदललं असा संशय. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, अस्तर सोडून, असं माप परत घ्यायला लावलं आणि पंचनाम्यात ते शब्द लिहवून घेतले. नखंही मोजून लिहवा: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण 18. एखादं आधीच गळलेलं असेल तर तसं स्पष्ट नोंदवा, कारण नखांची लॉकेटं विकली जातात आणि पुढच्या तपासणीत कमी भरलेल्या नखाचा जाब तुम्हालाच विचारला जाईल.

पंचनामा घरीच व्हायला हवा. कातडं पोत्यात गुंडाळून कार्यालयात नेण्याचा उत्साह दाखवू नका. रस्त्यात कोणी अडवलं तर कलम 57 प्रमाणे ताबा कायदेशीर असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड किमान 25,000 रुपये. किमान कैद ठरवलेली असल्यामुळे तडजोड शुल्क भरून सुटायची सोयही नाही.

हो, हातमोजे घाला. जुनी कातडी टिकवायला आर्सेनिकचा साबण वापरत, तो अजून केसांत असू शकतो. झटकणं, उन्हात टाकणं तर नकोच.

शिकारीचा जुना परवाना किंवा आजोबांचा बंदुकीसह फोटो हा मालकीचा दाखला नव्हे. 1951 च्या मुंबई कायद्याखालचा परवाना शिकार कायदेशीर होती एवढंच सांगतो. दाखलाच नसेल, तर 2003 मध्ये घोषणेसाठी 180 दिवसांची संधी मिळाली होती, ती कधीच संपली. अशा वेळी जाळणं, फेकणं, कोणाला 'भेट' देणं हे सगळ्यात वाईट. वकिलाला दाखवून स्वतःहून लेखी कळवा. दाखला असून हरवला असेल तर माहिती अधिकारात, 10 रुपयांच्या अर्जावर, जुन्या नोंदवहीची प्रत मागा.

ठेवायचंच नसेल तर कलम 42अ आहे: कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन कातडं जमा करता येतं. मोबदला शून्य, पण हा त्रासही शून्य. खरं सांगायचं तर फाइल नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात पोचेपर्यंत माझा कल तिकडेच झुकला होता. विकणं मात्र दाखला असला तरी बंद. राज्याबाहेर हलवलं तर 30 दिवसांत तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं.

नवा दाखला हातात आला की त्यावरचं वर्णन, माप आणि ओळखचिन्ह कातड्याशी ताडून बघा, तिथल्या तिथे. आणि लॅमिनेट करू नका. पुढच्या शेऱ्याला आणि शिक्क्याला कागद मोकळा लागतो.