मासे आले, पाणी यायचंय

फिश टँक दुकानातून घरी येतो तेव्हा बरोबर सगळं येतं. काच, दिवा, फिल्टर, रंगीत खडी, झाकण उघडमीट करणारी प्लॅस्टिकची खजिन्याची पेटी. येत नाही ते पाणी. म्हणजे नळाचं असतंच, आमच्या घोडबंदर रोडला टँकरचंही असतं. पण माशाला मानवेल असं पाणी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शहाणी माणसं तेवढे दिवस बिनमाशांचा टँक चालवतात, मग मासे आणतात. पण लेकीच्या वाढदिवसाला तिचा मामा गप्पींची पिशवी उंचावत दारात उभा राहिला, तर त्याला काय ‘दीड महिन्यानं ये’ म्हणायचं?

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तळ्यात तो पसरतो, एवढ्याशा काचेत जाणार कुठे? त्यावर जगणारे जिवाणू असतात. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, आणि तेही विषच. रक्तातल्या हिमोग्लोबिनला गाठून ते असं बसतं की पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसरी जमात त्याचं नायट्रेट करते, ते त्यामानानं सोसण्यासारखं. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढले. तोवर ते हाती लागत नव्हते, कारण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिलेटिनवर ते वाढतच नाहीत. फुकटचं जेवण नको म्हणणारी मंडळी! वर सावकाश इतकी की, ई. कोलाय मनासारखं वातावरण मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास लागतात, कधी अख्खा दिवस.

तर हे येईपर्यंत माशांना जगवायचं. गप्पी चिवट असतात, डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं त्यांना हौदा-डबक्यांत सोडतं ते उगाच नाही. पण चिवट म्हणजे त्यांना त्रास होत नाही असं नव्हे, ते तो सोसतात एवढंच. पर अंगाशी मिटून ते पृष्ठभागाशी तोंड उघडत राहिले की कळतं.

मग रोज रात्री टेस्ट किट. काचेच्या नळीत टँकचं पाणी, त्यात बाटल्यांमधले थेंब, नळी हलवायची आणि पांढऱ्या कागदासमोर धरून तक्त्याशी रंग जुळवायचा. पिवळा म्हणजे ठीक. पोपटी झाक आली की घरात मतभेद. लेकीला ती पिवळीच दिसते, बायकोला हिरवी, आणि मी ट्यूबलाइट सोडून बाल्कनीत जाऊन बघतो. शंका आली की पाव टँक पाणी काढायचं आणि अँटीक्लोरीन घातलेलं ताजं पाणी भरायचं. खाणं दिवसाआड, तेही चिमटीभर.

खरी लढाई मात्र आईशी. पहिल्याच आठवड्यात पाणी दुधाळ झालं आणि फिल्टरच्या स्पंजावर तपकिरी बुळबुळीत थर बसला. आई स्पंज घेऊन सिंककडे निघालेली.

“अगं, तो नळाखाली धरू नकोस.”

“मग काय पुजायचा? बघ तरी किती घाण आहे!”

ती घाण हेच तर सगळं भांडवल. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंजाला, खडीला, काचेला चिकटून राहतात. म्हणून पाणी कितीही बदला, त्यांचं फारसं बिघडत नाही. पण स्पंज क्लोरीनच्या पाण्यात खळखळून धुतला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. फारच कोंदला तर टँकच्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. घासूनपुसून लख्ख करण्यात हयात गेलेल्या बाईला हे पटवणं सोपं नाही. मलाही आतून पटायला वेळ लागलाच, कारण अमोनियानं भरलेलं पाणी दिसायला काचेसारखं नितळ असू शकतं.

दुकानदारानं निळं औषध देऊ केलं होतं. ते जिवाणूंनाही भोवू शकतं, म्हणून नको म्हटलं. खरी मदत आली ती तळघरातून. आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पावर, म्हणजे सगळे ज्याला एसटीपी म्हणतात तिथे काम करणाऱ्या काकांना लिफ्टमध्ये ही कहाणी सांगितली, तर ते हसले. “साहेब, नवा प्लँट चालू करताना आम्ही जुन्या प्लँटचा गाळ आणून टाकतो. तुम्ही कुणाकडून तरी वापरलेला स्पंज आणा ना.” खाली ब्लोअरच्या घरघरीत तपकिरी फेसाळ पाण्यात याच कुळातले जिवाणू आख्ख्या सोसायटीचा अमोनिया खात असतात, आणि आम्ही मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये त्या ब्लोअरच्या विजेच्या बिलावर भांडतो.

स्पंजाचा तुकडा वर्तकनगरच्या मित्राकडून आणला, वाटेत सुकू नये म्हणून त्याच्याच टँकच्या पाण्यात बुडवून. त्यानंतर पोपटी झाक ओसरू लागली, मग नायट्राइटही उतरलं. आता नायट्रेट तेवढं वाढतं. ते पाणी आठवड्याला बाल्कनीतल्या कुंड्यांना जातं, आणि मनीप्लँटनं ग्रिल सोडून शेजाऱ्यांकडे मोर्चा वळवला आहे.

लेकीला आता गोल्डफिश हवेत, चार. गोल्डफिश घाण किती करतात, आमच्या टँकमध्ये एकालाही जागा कशी पुरणार नाही, आणि गप्पींचीही भर घालायची तर जिवाणूंना संख्या वाढवायला सवड देत एकेक जोडीच का आणायची, हे मी तिला समजावतो आहे. तिनं मामाला फोन केलेला आहे.