पहाटे भिलारला, रात्री सहारला: स्ट्रॉबेरीसोबत विमानतळापर्यंत

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आमच्या शेतातली स्ट्रॉबेरी दुबईला गेली आणि मुंबईच्या सहार कार्गोपर्यंत मी गाडीत बसून तिच्यासोबत गेले. तोवर आमचा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा, नाहीतर सीझनच्या शेवटी प्रोसेसिंगला. या वेळी 150 बॉक्स स्वतःच्या लायसनवर पाठवायचे ठरवले. भिलार, पाचगणी, वाई भागात बऱ्याच जणांच्या मनात हे आहे, पण विचारायला गेलं की प्रत्येक जण आपापल्या टप्प्याचंच सांगतो. सगळी वाट एका माणसाने बघितलेली नसते. म्हणून जे पाहिलं ते सविस्तर लिहिते.

तोडणी सहाला, बॅटरीच्या उजेडात सुरू केली. ऊन चढलं की फळ तापतं आणि ती उष्णता पुढे शीतगाडीत निघत नाही. गाडीचं युनिट गार माल गार ठेवायला असतं, तापलेला माल गार करायला नाही. हे मला आधी माहीत नव्हतं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे अगदी पांढरट तोडून चालत नाही आणि पूर्ण लालभडक झालेली टिकत नाही. आम्ही पाऊण रंग आलेली घेतली. देठ धरून तोडायची, चिमटीत दाबायची नाही आणि थेट पनेटमध्येच, म्हणजे विक्रीच्या छोट्या डबीतच, ठेवायची. आधी क्रेट, मग टेबल, मग पनेट असं केलं की फळाला तीनदा हात लागतो, आणि जिथे बोट दाबलं जातं तिथेच तिसऱ्या दिवशी राखाडी बुरशी दिसते. धुवायची तर अजिबात नाही.

साडेआठला शेवटचा पनेट भरला आणि नऊच्या आत माल गावाजवळच्या प्रीकूलिंगला, म्हणजे फळ लवकर गार करायच्या खोलीत, लावला. तोडणीपासून तास-दीड तासात फळ गार व्हायला लागलं पाहिजे. पहिले बॉक्स मात्र दोन तास शेडमध्ये थांबले होते. पुढच्या वेळी दोन फेऱ्या करायच्या, सगळा माल एकदम न्यायचा नाही, हे तिथेच वहीत लिहून ठेवलं. दुपारी दोनपर्यंत फळाच्या आतलं तापमान 2 अंशांवर आलं. थर्मामीटरचा काटा फळात खुपसून बघा. खोलीचा डिस्प्ले खोलीची हवा सांगतो.

आता बॉक्सबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात किंवा जातात. विमान कंपनी प्रत्यक्ष वजन आणि घनफळाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावते. घनफळाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायची. आमचा बॉक्स 40 बाय 30 बाय 10, म्हणजे बरोबर 2 किलो. आत 200 ग्रॅमचे आठ पनेट, दोन थरांत. पुठ्ठ्यासकट वजनही 2 किलोच्या आसपास. बॉक्सवाल्याने आधी 12 सेंटिमीटर उंचीचा नमुना आणला होता. दिसायला फरक काहीच नाही, पण त्याचे 2.4 किलो होतात. 150 बॉक्सला 60 किलो हवेचं भाडं! शिवाय भाड्याचे टप्पे असतात: 45, 100, 300, 500 किलो. टप्पा ओलांडला की किलोमागे दर उतरतो. आमचे बरोबर 300 झाले. तुमचे 280 भरत असतील तर कार्गोचं बुकिंग आणि कागद बघणाऱ्या एजंटला 300 च्या दराने हिशोब करून बघायला सांगा, कधी कधी तो स्वस्त पडतो.

अडीचला गाडी निघाली. ड्रायव्हर मामा, मी आणि माझे चुलतदीर. पसरणी घाटात मामांनी गाडी इतकी हळू घेतली की मागून येणाऱ्या एसटीने हॉर्न वाजवून हैराण केलं, पण वळणावर गचका बसला की खालच्या थराचा लगदा होतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वाई, सुरूर फाटा, मग खंबाटकीचा बोगदा. शिरवळला चहाला थांबलो. मामांनी सवयीने इंजिन बंद केलं. त्यासोबत कूलिंग युनिटही बंद पडलं आणि आमच्या लक्षात आलं नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वडापाव सांगू का?" आणि पाऊण तास गेला. हा पाऊण तास पुढे कागदावर दिसला.

कात्रजचा नवा बोगदा, पुण्याचा बायपास, एक्स्प्रेस वे, वाशीचा पूल. रात्री साडेनऊला सहार. विमान पहाटे चारचं होतं, पण माल आत घ्यायची वेळ कित्येक तास आधी संपते. ती वेळ एजंटकडून लेखी घ्या आणि तिच्या दोन तास आधी पोचायच्या बेतानेच निघा.

कागदांचं काम आधीच झालेलं असलं पाहिजे. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, फूड लायसन, बँकेचा एडी कोड (परदेशी पैसे घेणाऱ्या बँक शाखेचा नंबर) कस्टममध्ये नोंदलेला, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट. शिपिंग बिल, म्हणजे कस्टमचा निर्यातीचा अर्ज, एजंट भरतो. आमचा एडी कोड वेळेत नोंदला गेला नाही म्हणून पहिली तारीख हुकली होती आणि तो माल वाशीला द्यावा लागला. पहिल्या खेपेच्या महिनाभर आधी हे उरका.

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राच्या (मालात कीड-रोग नाही याच्या सरकारी दाखल्याच्या) तपासणीबद्दल मात्र थांबून सांगते. अधिकारी बॉक्स उघडून कीड, माती, पानं बघतात. ते त्यांचं कामच आहे. पण मुंबईच्या दमट हवेत गार फळ उघडं पडलं की दोन मिनिटांत त्यावर घाम धरतो, आणि तो ओलावा घेऊन बॉक्स परत बंद झाला की बुरशीला आयतं घर मिळतं. आमचे नमुन्याचे बॉक्स गाडीच्या तोंडाशी नव्हते. ते काढायला वीस बॉक्स खाली उतरवले आणि दार तितका वेळ उघडं राहिलं. तपासणीचे बॉक्स कायम दाराशी, वेगळी चिठ्ठी लावून ठेवा. पनेटमध्ये एकही सुटं पान किंवा मातीचा कण नको. त्यासाठी आदल्या रात्री जागावं लागलं तरी जागा.

एअरवे बिलावर, म्हणजे विमानाच्या मालपावतीवर, पीईआर हा नाशवंत मालाचा कोड पडला का, आणि 2 ते 8 अंशांसाठीचा सीओएल लिहिला का, हे स्वतः वाचून घ्या. त्या बिलाचा अकरा आकडी नंबर फोनमध्ये ठेवा, विमान उतरेपर्यंत माल कुठे आहे ते त्यावर कळतं. एक्स-रे झाला, कस्टमची मंजुरी आली आणि माल शीतखोलीत गेला तेव्हा साडेबारा वाजले होते. त्यापुढे आपल्याला जाता येत नाही.

गोठवलेल्या मालाचंही विचारतात म्हणून सांगते. उणे 18 अंशांचा माल मोठ्या प्रमाणात समुद्रानेच, रीफर (शीत) कंटेनरमधून जातो. विमानाने परवडतो तो नमुना. शेजारच्यांनी 5 किलो गोठवलेली स्ट्रॉबेरी सुक्या बर्फात पाठवली. सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो धोकादायक मालात मोडतो: यूएन 1845 हा त्याचा नंबर, क्लास 9 चं लेबल, बर्फाचं निव्वळ वजन बॉक्सवर, आणि बॉक्स हवाबंद करायचा नाही, कारण वायू साचून तो फुटू शकतो. न सांगता घातला तर माल अडकतोच. ताज्या फळात मात्र तो चुकूनही घालू नका, फळ गोठून काचेसारखं होतं. जेल पॅकही फळाला टेकता कामा नये.

दुबईपर्यंत विमानाला साधारण तीन तास. सकाळी अकराला खरेदीदाराचे फोटो आले. 150 पैकी 11 बॉक्स खराब. तक्रार चोवीस तासांत, फोटोसह आणि बॉक्स नंबरसह, हे आधीच लेखी ठरलं होतं म्हणून वाद झाला नाही. बॉक्सला नंबर घातल्यामुळे कळलं की 11 पैकी 7 तपासणीच्या वेळी खाली उतरवलेल्या वीसमधले होते. मालात ठेवलेल्या लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवत जाणाऱ्या छोट्या यंत्राचा, आलेख त्यांनी पाठवला. सगळ्या प्रवासात दोन उंचवटे होते. एक शिरवळचा, 9 अंशांपर्यंत. दुसरा सहारच्या दाराचा, 13 पर्यंत. विमानातली रेघ जवळजवळ सपाट. लॉगर घ्याच, आणि तो मधल्या बॉक्समध्ये ठेवा.

दोन आठवड्यांनी दुसरी खेप गेली. शिरवळला मामा आणि भाऊजी चहाला उतरले. गाडी चालूच ठेवली होती आणि मी केबिनमध्ये युनिटच्या आकड्याकडे बघत बसले. माझा चहा मामांनी खिडकीतून दिला.