खिडकी फास्ट आहे

शिपलीच्या घरात राहायला येऊन चारच दिवस झाले होते. शिपली म्हणजे यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डला चिकटून असलेलं छोटं गाव. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर ब्रॅडफर्डचं ठाणे. घर जुनं, दगडी. स्वयंपाकघराची खिडकी आपल्यासारखी बाहेर उघडत नाही, फळी वर सरकवावी लागते. मी सुक्या बोंबलासाठी तेल तापवलं, लसूण टाकला, धूर झाला आणि छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. (बोंबील एकीकडे आणि बोंब दुसरीकडे.) खिडकीकडे धावलो तर ती हलेना.

तेवढ्यात मागच्या अंगणातून शेजारच्या आजीबाई आल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हातात बागकामाचे मोजे. काचेतून माझी झटापट बघून म्हणाल्या, "इट्स फास्ट, लव्ह." 'लव्ह' हे इकडे सगळ्यांनाच म्हणतात, आपल्याकडे भाजीवाली 'बाळा' म्हणते तसं. प्रश्न 'फास्ट'चा होता. मला वाटलं, भराभर ढकल म्हणतायत. मी भराभर हिसके द्यायला लागलो. त्या हात हलवून पुन्हा म्हणाल्या, "नो, नो, इट्स फास्ट!" मी आणखी भराभर. शेवटी त्यांनी मागचं दार उघडून दिलं, धूर गेला, अलार्म थांबला. मला काहीही न कळल्याचं त्यांना नीट कळलं होतं.

नंतर उलगडा झाला. यॉर्कशरमध्ये 'फास्ट' म्हणजे अडकलेलं, घट्ट बसलेलं. दार फास्ट, झाकण फास्ट, चिखलात पाय फास्ट. म्हणजे ज्याला मी आयुष्यभर धावणारं समजलो, ते इकडे जागचं हलत नाही.

आता माझं आणि 'फास्ट'चं नातं जुनं आहे. आम्ही लालबागचे, स्टेशन करी रोड. मध्य रेल्वेच्या लोकांना वेगळं सांगायला नको, करी रोडला फास्ट थांबत नाही. लहानपणी फास्ट म्हणजे पलीकडच्या रुळांवरून धडधडत जाणारी, जिच्या दारातली माणसं आपल्याकडे जरा दयेनं बघतात ती गाडी. फास्ट पकडायची तर आधी स्लोने दादर गाठा. आमच्या घरात 'फास्ट' हा गाडीचा गुण नव्हता, बाकीच्यांचं नशीब होतं.

पण त्याच घरात आजोबा हा शब्द अगदी उलट अर्थानं वापरायचे आणि हे मला त्या खिडकीपाशी उभं राहीपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं.

आजोबा मिलमध्ये, रंगखात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक आमचे आजोबा. ते पुन्हा आत गेले नाहीत. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे मी त्यांना मिलमध्ये जाताना कधी पाहिलं नाही, पण दिवाळीच्या खरेदीला दुकानात गेलो की मिल त्यांच्या अंगात यायची. शर्टपीस काउंटरवर पसरला की ते खिशातला पांढरा रुमाल काढायचे, एक टोक जिभेनं ओलं करायचे, बोटाला गुंडाळायचे आणि कापडाच्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा घासायचे. मग रुमाल चष्म्याजवळ. आई दुसरीकडे बघायची.

"रंग फास्ट आहे हो काका," दुकानदार म्हणायचा.

"फास्टच आहे," आजोबा रुमालावरचा लाल डाग त्याच्यापुढे धरून म्हणायचे. "बघ किती पटकन पळाला."

त्यांच्या तोंडी फास्ट म्हणजे न पळणारा, धुतला तरी न उतरणारा. आणि आता इथे बसून कळतं की ते थुंकी लावून करायचे ती रीतसर चाचणी आहे. प्रयोगशाळेत कोरडं आणि ओलं पांढरं कापड ठरावीक दाबानं रंगीत कापडावर घासतात आणि पांढऱ्यावर किती डाग पडला ते १ ते ५ अशा मोजपट्टीशी ताडून बघतात. पाच म्हणजे डागच नाही. उन्हात रंग किती टिकतो याची पट्टी वेगळी, १ ते ८. त्यासाठी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात, पहिली लगेच विटते, आठवी शेवटपर्यंत तग धरते. या कामातली जुनी संस्था, रंगारी आणि रंगतज्ज्ञांची सोसायटी, १८८४ साली स्थापन झालेली, तिचं घर ब्रॅडफर्डच. माझ्या घरापासून बसनं अर्ध्या तासाच्या आत. आजोबांना इथे आणून तिच्या दारात रुमालासकट उभं करायला हवं होतं.

पक्क्या रंगाचं गणित त्यांनी मला एकदा बादलीपाशी समजावलं होतं. व्हॅट जातीचा रंग मुळात पाण्यात विरघळत नाही. मग कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं घालून त्याला विरघळायला लावायचं. अशा वेळी त्याचा स्वतःचा रंगही बदलतो, निळा पिवळट दिसायला लागतो. तो तसा धाग्याच्या पोटात शिरतो. मग कापड हवेवर काढायचं. हवा लागली की रंग पुन्हा मूळ रूपात येतो, न विरघळणारा होतो आणि आतच अडकून बसतो. "आत गेला की दार लावून घेतो," आजोबा म्हणायचे. म्हणजे तोही फास्टच. खिडकीसारखा.

घरापासून पंधरा मिनिटं कालव्याच्या काठानं चाललं की सॉल्टेअर लागतं. टायटस सॉल्ट नावाच्या लोकरीच्या कारखानदारानं स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, २० सप्टेंबर १८५३ला, इथे अजस्र गिरणी उघडली, शेजारी कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. त्याच वर्षी १६ एप्रिलला आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली होती. सॉल्टची गिरणी १९८६ला बंद पडली आणि आता तिथे चित्रं, पुस्तकं आणि महाग कॉफी मिळते. लालबाग-परळमध्ये वाढलेल्याला यात नवल कसलं वाटणार? फक्त इथे इमारत तशीच ठेवलीय, धुराड्यासकट. आमच्याकडे धुराडं राहिलंच तर ते मॉलच्या फोटोत मागे येतं.

तर शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ एकच होता, घट्ट, पक्का, न हलणारा. आजोबांचा आणि शेजारच्या आजींचा अर्थ हाच मूळचा, आपल्या लोकलचा नंतरचा. गाढ झोपलेला माणूस 'फास्ट अस्लीप' असतो तो यामुळे, अर्थात झोपेत कोणी पळत नाही. जहाजावरचे खलाशी बोटांच्या पेरांवर 'होल्ड फास्ट' गोंदवून घेत, एकेका बोटावर एकेक अक्षर. वादळात दोर हातातून सुटू नये म्हणून. विमानात 'फासन सीट बेल्ट' लिहितात तोही याच घरातला. पहिल्यांदा विमानात बसलेल्या आईनं ते अक्षर लावून वाचलं होतं आणि "आता फास्ट जाणार, पट्टा लावा म्हणतायत" असा अर्थ काढला होता. आम्ही हसलो होतो. खरं तर चूक तेवढी मोठी नव्हती.

जत्रेतला एक जुना लबाडीचा खेळही होता, 'फास्ट अँड लूज' नावाचा. पट्ट्याची गुंडाळी टेबलावर ठेवायची, गिऱ्हाइकानं तिच्या वेटोळ्यात सळई खुपसायची आणि पट्टा 'फास्ट' म्हणजे अडकला यावर पैसे लावायचे. खेळ मांडणारा दोन्ही टोकं ओढणार, पट्टा अलगद मोकळा. आपल्या स्टेशनबाहेरच्या तीन पत्तीवाल्याचा हा खापरपणजोबा.

पण घट्टचं वेगवान झालं कसं? इथे मी बरेच दिवस अडलो होतो. इंग्रजीतले जाणकार सांगतात ते असं: घट्ट म्हणजे पक्क्या पकडीनं, म्हणजे नेट लावून. नेट लावून मारणं, नेट लावून झुंजणं आणि मग नेट लावून पळणं. नेट लावून पळणारा अर्थातच वेगानं पळतो. हळूहळू नेट गळून पडला, वेग उरला. आधी क्रियाविशेषण म्हणून आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून विशेषण म्हणूनही.

वाचताना मला हे ओढूनताणून आणलेलं वाटलं. मग आठवलं, आपण 'गाडी जोरात चालव' म्हणतो. जोर म्हणजे ताकद, आणि आपल्याला अपेक्षित असतो तो वेग. कसणं म्हणजे आवळणं, आणि आपण 'कसून पळाला' म्हणतो. म्हणजे हीच चाल मराठीत रोज चालते, तिचं नवल वाटायला मला यॉर्कशरला यावं लागलं.

उपासाचा 'फास्ट' ही तर वेगळीच गंमत. तो वेगळा शब्द नाही, याच मुळाचा. मुळात 'धरून राहणं', नेम पाळणं. मग खाण्यापिण्यापुरतं तेवढं राहिलं. गेल्या रमझानमध्ये एकादशी आली. आईला शब्द दिलाय म्हणून मी ती करतो. ऑफिसातला सहकारी, बाप-आजे मीरपूरचे, जन्म ब्रॅडफर्डचा आणि बोली पक्की यॉर्कशरची, रोजे पाळत होता. दुपारी मी डबा घेऊन उठलो तेव्हा त्याला सांगितलं की माझाही आज फास्ट. त्याला फार बरं वाटलं. मग त्यानं डब्यात डोकावून बघितलं. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, बटाटा, वर लिंबू. पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "आणि हा तुमचा उपास?" आमच्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' अशी म्हणच आहे, हे त्याला सांगावं की नाही यावर मी क्षणभर विचार केला. सांगितलं. तो इतका हसला की तहान लागेल म्हणून मलाच काळजी वाटली.

इंग्रज उपास 'मोडतात', तो ब्रेकफास्ट. फ्रेंचांचा 'डिनर'सुद्धा खोदत गेलं तर लॅटिनमधल्या उपास मोडण्यापाशीच पोचतो. शेजारच्या आजी दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात आणि रात्रीच्या जेवणाला टी, ते मी आता सोडून दिलंय.

आपला 'जलद' मात्र उलटा प्रकार आहे. करी रोडच्या फलाटावर उभं राहून जन्मभर ऐकलेलं, पुढली जलद लोकल. हा फारसीतून आलेला. आणि दुसरा जलद संस्कृतातला, जल देणारा, म्हणजे ढग. दोन वेगळी माणसं, चेहरा एक. जुलैच्या दुपारी दोन्ही जलद एकदम आले की तिसरी, धीमी, तीही बंद होते.

हे सगळं मी त्या रविवारी आईला फोनवर सांगत होतो. तिकडे संध्याकाळ झाली होती, मागे चाळीतला आवाज. खिडकीची गोष्ट तिनं पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "मग धरली असेल."

"काय धरली?"

"खिडकी. मान धरते ना, पाठ धरते ना, तशी. थंडीपावसात लाकूड धरतं."

मी गप्प झालो. मान धरते म्हणजे हलत नाही. रंग धरतो म्हणजे उतरत नाही. आई एकादशी धरते. आणि करी रोडवरून जाताना फास्ट लोकल वेग धरते. आजोबांचा फास्ट, आईचा फास्ट, माझा फास्ट आणि यॉर्कशरच्या आजींचा फास्ट, चौघंही आमच्या खोलीतल्या एका क्रियापदात मावत होते. सुटायचं असलं तरी तेच: रंग सुटतो, उपास सुटतो, गाडी सुटते. मी हे आईला उत्साहानं सांगायला लागलो.

"ते राहू दे," ती म्हणाली. "साबण आहे का घरात? कोरडा साबण खाचेत चोळ. नाहीतर मेणबत्ती. तुझे आजोबा दर पावसाळ्यात हेच करायचे."

साबण चोळला. दोन्ही बाजूंच्या खाचांत, वरून खालपर्यंत. मग तळहात लावून कसून ढकललं. कुठेतरी आत जुना रंग तडकल्याचा आवाज झाला आणि फळी सरसर वर गेली. पलीकडून आजींनी अंगठा दाखवला. मी हात काढला तशी ती धाडकन खाली आली. फळी आतल्या दोरीवर तोललेली असते म्हणे, ती दोरी केव्हाच तुटली होती. इतकी वर्षं खिडकी निव्वळ अडकल्यामुळे जागेवर होती.

घरमालकाला कळवलंय. तोवर फळीखाली आईनं दिलेलं लाटणं उभं केलंय. पोळ्या करायच्या असल्या की खिडकी बंद.