अजिंठ्याला आजींच्या चपला

रविवारी दौलताबाद, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. दिवाळीच्या सुट्टीची ही आखणी मी दोन महिने आधीच वहीत करून ठेवली होती. रोज सकाळी साडेसहाला निघायचं, कुठली लेणी पाहायची त्यांचे नंबरसुद्धा लिहिलेले. सोळा वर्षांच्या लेकीने वही चाळली आणि म्हणाली, "आई, अजिंठा सोमवारी बंद असतं. आणि वेरूळ मंगळवारी."

मी दोन्ही ठिकाणं नेमकी बंदच्या दिवशी घातली होती. तिने दोन दिवसांची अदलाबदल केली, साडेसहाचे नऊ केले आणि लेण्यांची अर्धी यादी खोडली. खरं सांगते, मला वाईट वाटलं. एवढ्या लांब जायचं ते झोपायला का? पण वही तिच्याकडेच राहिली.

खोलीचं मात्र मी कुणालाच विचारलं नव्हतं. पाच जणांत एकच मोठी खोली, जमिनीवर दोन गाद्या, एक न्हाणीघर. पैसे वाचवायला घेतली. पहिल्या रात्री लेक अर्धा तास न्हाणीघरातून बाहेरच आली नाही. कपडे बदलायला, जरा एकटं बसायला तिला दुसरी जागाच नव्हती. सकाळी आम्ही आणखी एक खोली घेतली. या वयाच्या मुलांना घेऊन निघणार असाल, तर हा खर्च कमी करू नका. मी केला, आणि तिची एक संध्याकाळ घालवली.

दौलताबादला मुलं वरपर्यंत चढली. मी आणि सासूबाई खाली सीताफळं घेत बसलो. वेरूळला कैलास लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणारी वाट लेकीने शोधून काढली. वरून पाहिल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की हे देऊळ बांधलेलं नाही, कळसापासून खाली कोरत आणलंय. तेरा वर्षांचा मुलगा तोवर खाली हत्तीच्या सावलीत बसून होता. दोन दिवसांत तो मनापासून बोलला ते फक्त नान-खलिया या तिकडच्या मटणाच्या जेवणाबद्दल.

मंगळवारी अजिंठा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसने लेण्यांपाशी गेलो. पायऱ्यांशी डोलीवाले होते. सासूबाई "मी काय आजारी आहे का?" म्हणत चालू लागल्या. त्यांचे गुडघे दुखतात, वाकता येत नाही. आणि चित्रांच्या लेण्यांत जाताना दर वेळी पादत्राणं काढावी लागतात, हे मी वहीत कुठेच धरलं नव्हतं.

पहिल्याच लेण्याच्या दाराशी त्या थबकल्या. मी पुढे होणार तोच मुलगा खाली बसला. त्याने त्यांच्या चपलांचे पट्टे सोडवले, चपला स्वतःच्या पाठपिशवीत टाकल्या आणि आजीचा हात धरून आत गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आत काळोख. बारीक दिवे आहेत, पण उन्हातून आल्यावर काही दिसत नाही. लोक येत होते, मोबाइल वर धरत होते, दोन मिनिटांत बाहेर पडत होते. या गर्दीचा मला फार राग आला, कारण वेरूळला आम्हीही असंच केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "थांब रे, डोळे सरावू देत." हात त्यांच्या हातात, म्हणून त्यालाही थांबावं लागलं.

पाच मिनिटं गेली असतील. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. "आजी, त्याच्या हातात कमळ आहे. निळं." गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडे पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे, मान किंचित कललेली, नजर खाली. "मागे डोंगर आहेत. माकडं पण आहेत बघ, तिकडे." त्यांना दिसत नव्हतं, तर तो एकेक गोष्ट शोधून सांगत होता. "मोर. तो बघ मोर." मी खांबाशी उभी राहून ऐकत होते. पुढे जायला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

दर लेण्याशी तसंच. दुसरं, मग दहावं, मग सतरावं. पट्टे सोडायचे, पट्टे लावायचे. दहाव्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली कोरलेलं नाव लेकीने दाखवलं. आज ते माणसाच्या उंचीच्या बरंच वर आहे, कारण तेव्हा लेण्यात मातीदगडांचा ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. इतक्या जुन्या चित्रावर स्वतःचं नाव कोरायला हात कसा धजला, याचं तिला खूप वाईट वाटलं. मलाही.

दुपारी दीडपर्यंत चारच लेणी झाली. माझ्या जुन्या यादीत अकरा होती. सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध पाहायला नवरा आणि लेक पुढे गेले. आम्ही तिघं वाघूरच्या दरीकडे तोंड करून सावलीत बसलो. मुलगा आजीला पहिल्या लेण्यात चितारलेल्या चंपेय नागाची गोष्ट विचारत होता, आणि त्यांना ती येत होती.

परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी जाहीर केलं की निजलेला बुद्ध राहिलाय, तेव्हा पुन्हा यायचं. पुढच्या वेळी डोलीत बसायचंही त्यांनी कबूल केलं. लेकीने तिथेच वही काढली आणि आधी वार विचारला.