तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात दिसतं ते विकिपीडियावर का लिहीत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रात्री शटर पाडलं की मी मराठी विकिपीडियावर मोबाइल कंपन्यांचे लेख संपादित करत बसतो. हे ज्यांना ठाऊक आहे, ते सगळे फिरून एकच विचारतात. एका कास्तकारानं सरळच विचारलं, "भाऊ, तू रोज या कंपनीचे फोन खोलतं. यात काय खराब होते ते तुले पाठ हाय. मंग थ्या लेखात कावून नाई लिवत?"

पाठ आहे, खोटं कशाला बोलू. वेचणी सुरू झाली की चार्जिंग पिनमध्ये कापसाचा तूस जाऊन घट्ट बसतो. लोक तो सुईनं उकरतात आणि आतली पट्टी वाकते. एका मॉडेलची पट्टी तर इतकी नाजूक, की मी भिंग लावून काढतो तरी धाकधूक असते. पण माझ्या टेबलावर येतो तो बिघडलेलाच फोन. ज्याचा धड चालतो, तो माझ्याकडे कशाला येईल? एवढ्यावरून "या कंपनीचे फोन टिकत नाहीत" असं ज्ञानकोशात लिहिणं म्हणजे दवाखान्यात बसून गावाची तब्येत सांगणं. शिवाय विकिपीडियाचा नियमच आहे: स्वतःचं संशोधन चालत नाही, दुसऱ्याला पडताळता येईल असा प्रकाशित संदर्भ लागतो.

दुसरा गैरसमज असा, की विकिपीडियाला लेख तटस्थ हवा म्हणजे अर्धी स्तुती आणि अर्धी टीका हवी. सॅमसंगचं बघा. गॅलेक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये विक्रीला आला, बॅटऱ्या पेटू लागल्या, सप्टेंबरमध्ये फोन परत मागवले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद झालं. दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगळे दोष होते, असं कंपनीनं जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं. हे लेखात हवंच, कुणी खोडलं तर मी परत घालतो. पण १९३८ पासूनच्या उद्योगसमूहावरच्या लेखाचा अर्धा भाग एका फोननं अडवला, तर तोही मी कापतो. त्या फोनचा स्वतंत्र लेख असतो, सविस्तर तिथे लिहावं.

खरी कसरत मायक्रोमॅक्सच्या लेखात. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत भारतात स्मार्टफोन विक्रीत पहिली कोण? कॅनालिस या बाजाराची पाहणी करणाऱ्या कंपनीनं मायक्रोमॅक्सला २२ टक्के आणि सॅमसंगला २० टक्के दिले. आयडीसी या तशाच दुसऱ्या कंपनीनं त्याच तिमाहीसाठी सॅमसंग २२, मायक्रोमॅक्स १८ म्हटलं. देशी कंपनीच्या अभिमानापोटी कुणी फक्त पहिला आकडा ठेवतं, कुणी चिडून तो उडवतं. सरासरी काढणं तर सगळ्यात वाईट, कारण तो आकडा कुणीच दिलेला नाही. दोन्ही आकडे ठेवायचे, कोणाचा कोणता ते नावानिशी लिहायचं, आणि निकाल द्यायचा नाही. याच कंपनीनं २००८ मध्ये ३० दिवस स्टँडबाय चालणारा फोन काढला होता. लोडशेडिंगच्या गावांना तो का हवासा वाटला, हे मला कुणी समजावून सांगायला नको. तरी लेखात "३० दिवस चालतो" नाही, "३० दिवसांचा स्टँडबाय, असा कंपनीचा दावा" असंच जातं. स्टँडबाय म्हणजे फोन नुसता पडून. त्यावर रोज जावयाशी तासभर बोललं की हिशेब बदलतो.

"जागतिक दर्जाचा", "ग्राहकांच्या पसंतीस उतरलेला" ही विशेषणं दिसली की मी उडवतो, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. "कंपनी पैसे देते का रे?" असंही विचारतात. देत नाही. पैसे घेऊन संपादन करणाऱ्यानं ते जाहीर करावं, अशी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेची अट २०१४ पासून आहे. मी माझ्या सदस्य पानावर दुकानाचा उल्लेख केलाय. ज्या कंपनीचा माल विकतो, तिच्या लेखाला हात लावत नाही. सुचवायचं ते चर्चा पानावर सुचवतो.

एक गोष्ट मात्र मला टोचते. संदर्भ छापून आलेलाच हवा, आणि छापून येतं ते बहुतेक शहरातलं. सर्व्हिस सेंटरसाठी यवतमाळ गाठावं लागतं आणि त्यात एक मजुरी बुडते, हे कुठल्याही बातमीत नसतं, म्हणून लेखातही नसतं. नियम बरोबर आहे, तरी लेख आमच्या बाजूनं उणाच राहतो.

म्हणून त्या कास्तकाराला म्हटलं, बिल सांभाळून ठेव. वॉरंटीतला फोन कंपनी दुरुस्त करून देत नसेल, तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कर. वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. निकाल लागला, पेपरात आला, तर कात्रण माझ्याकडे आण.

"बिल?" तो म्हणाला. "थे तं फोनच्या डब्ब्यात होतं, आन् डब्ब्यात आता पोरीचे कंपास-पेन्सिली हायेत."